अण्णानं दिलेलं अंग

शाळेच्या मैदानावर आठवीची पोरं कवायतीला उभी होती. ऑफिसातून शिपाईमामा लगबगीनं आले आणि म्हणाले, "सर, सांगलीहून फोन आहे." सांगलीहून साताऱ्याला मला फोन करणारं माणूस एकच, अण्णा. गेला महिनाभर त्याला रिसीव्हर धरवत नव्हता, म्हणून त्याच्या वतीनं त्याची मुलगी मंगल करायची. मी पोरांना 'विश्राम' म्हणायचंही विसरलो. फोन कानाला लावला तर पलीकडून मंगल एवढंच म्हणाली, "काका, अण्णा गेले." मला काय सुचावं? मी विचारलं, "दुकान उघडलंय का?" ती म्हणाली, "न्हाई काका, आज बंद हाय," आणि मग तिचा बांध फुटला. परत मैदानावर आलो तर चाळीस पोरं अजून सावधानमध्ये ताठ उभी होती. त्यांना सोडलं आणि कबड्डीच्या मैदानाच्या कडेच्या दगडावर जाऊन बसलो. माणूस गेल्याचं कळल्यावर दुकानाची चौकशी करणारा मी पहिलाच असेन. पण अण्णा आणि ते दुकान ह्या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या धरल्याच नव्हत्या.

ह्याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात पुष्कळांनी सांगितलं, सर, तुम्ही लिहा, तुमचा त्यांचा घरोबा. मी खेळाचा मास्तर. माझं लिखाण म्हणजे हजेरीपट आणि उंच उडीचे निकाल. तरी लिहितो आहे, कारण जे सांगायचं आहे ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अंगावर बेतलेलं नाही. अंगावर बेतलेलं हा शब्द इथं अगदी खरा आहे.

दिनकर हे त्याचं नाव. पण बायको सोडून घरचे, दारचे, गिऱ्हाईक सगळेच त्याला अण्णा म्हणायचे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, तरी आमच्यात अहोजाहो कधी नव्हतं. सांगलीत आमच्या तालमीच्या समोर त्याचं दुकान. जीप, रिक्षा, ट्रॅक्टर, स्कूटर, ज्याला ज्याला बूड टेकायची सोय लागते त्याच्या सीटा अण्णा शिवायचा. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास आणि पलीकडे शालनवहिनींच्या फोडणीचा. त्याच्या गळ्यात कायम टेप असायचा, पण तो त्याला वापरताना कुणी पाहिलं नव्हतं. गाडी दारात उभी राहिली की हा बाहेर यायचा, सीटेभोवती एक फेरी मारायचा, एखादी वीत टाकायचा, आणि आत जाऊन सरळ फोमवर खडूनं रेघ ओढायचा. गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "अण्णा, माप लिहून तरी घ्या." त्यावर ह्याचं उत्तर ठरलेलं. "माप लिवून ठेवत न्हाईत. बघून ठेवत्यात." आणि सीट बसायची, चपखल बसायची. वर्षभरानं तीच गाडी आली तरी त्याला ती आठवायची. ह्या नजरेचा त्याला फार गर्व होता आणि तो त्याला शोभायचाही.

मी वडूजच्या पलीकडच्या माळावरचा. आमच्या घरात मेंढरं. थोरले भाऊ कळप घेऊन पावसाळ्याआधी घाटाकडे जायचे आणि मी धाकटा, अंगापिंडानं दांडगा, म्हणून वडिलांनी कुस्तीला सांगलीत आणून सोडला. "ह्याला वाढवा," एवढंच ते वस्तादांना म्हणाले होते. वस्तादांनी वाढवला. पंचविशीत मी ब्याण्णव किलोचा होतो. नाव भीमराव, घरचं भिवा, त्यामुळं चेष्टा करायलाही कुणाला जागा नव्हती. दूध-बदाम तालमीत व्हायचं, पण जेवण महिन्यातले निम्मे दिवस वहिनींच्या हातचं. वहिनी परातभर भाकरी थापायच्या आणि अण्णा माझ्या ताटाकडे बघत म्हणायचा, "हा पैलवान न्हवं गड्या, ही ट्रकाची सीट हाय. कितीबी भरा."

आमच्या गल्लीच्या मंडळाचा गणपतीत सजीव देखावा असायचा. शेजारच्या गुरुजींनी एक प्रसंग रचला होता. किल्ल्याच्या दरवाजावर एकटा सरदार, समोर शत्रू, मागं बंद होत जाणारा दरवाजा. त्या सरदाराला इतिहासात नाव नव्हतं, कारण तो गुरुजींच्या डोक्यातून निघाला होता. गुरुजींचं निवेदन कॅसेटवर चालायचं. सरदारानं आठ मिनिटं दगडासारखं उभं राहायचं, आणि शेवटी तलवार उगारून तीन पावलं पुढं यायचं. तीन वर्षं तो सरदार मी होतो. पुठ्ठ्याचं चिलखत माझ्या छातीवर मावायचं नाही, बाजूनं अंग दिसायचं, आणि लोक ते अंग बघायलाच यायचे हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी दिवेलागणीला पहिला खेळ व्हायचा तेव्हा बायाबापड्या लेकरांना खांद्यावर घेऊन म्हणायच्या, "ते बघ, ते खरं हाय, हालतंय." मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. माजच होता तो, उगाच दुसरा शब्द कशाला वापरू.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. त्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली. गावठी औषधावर भागवलं, कुस्त्यांचं मैदान जवळ आलं म्हणून पंधरा दिवसांत परत आखाड्यात उतरलो, आणि ती उलटली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होतो, मग गावी. खाल्लेलं अंगी लागेना. श्रावणात सांगलीला परतलो तेव्हा छप्पन्न किलो भरलो. दंडाच्या बेटकुळ्या गेल्या, मान गेली, मांड्या तर कुणीतरी बदलून दिल्यासारख्या. पैलवानाचं अंग गेलं की त्याच्याजवळ दुसरं काही शिल्लक राहत नाही, निदान मला तसं वाटायचं. मी भर उकाड्यात शाल पांघरून बसायचो. तालमीच्या मागच्या खोलीतून निघून रस्ता ओलांडून अण्णाच्या घरात जायचं, जेवायचं आणि परत, तेही दुपारी रस्ता सुना असताना. एकदा एका बाईनं आपल्या पोराला माझ्याकडे बोट करून विचारलं, "हेच का रं ते सरदार?" पोरगं म्हणालं, "न्हाई, हे त्याचं कोन तरी असंल." त्या दिवशी मी ट्रंक भरली. गणपती बसायच्या आत गाव गाठायचं, मेंढरांमागं जायचं आणि सांगलीचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवून टाकलं. बी.ए.ची पदवी होती, खेळाच्या शिक्षकाच्या कोर्सचा अर्ज भरायचा होता. तोही फाडून टाकला.

मंडळाची पोरं दुकानात आली. मी कोपऱ्यात शाल घेऊन बसलेला. त्यांना बिचाऱ्यांना कसं बोलावं कळेना. एकजण म्हणाला, "भीमराव, यंदा तुम्ही आराम करा. सरदार दुसरा बघतो." मी म्हणालो, "बरं झालं. मला तसंबी गावाला जायचंय." आवाज चांगला हसरा काढला होता. अण्णा मशीनवर शिवत होता. त्यानं पाय थांबवला नाही, मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "सरदार ह्योच."

"अण्णा, पण आता अंग..." पोरानं वाक्य अर्धवट सोडलं.

"अंग मी देतो."

पोरं गेल्यावर मी त्याच्यावर उखडलो. मला सोंग करायला लावतोस का, वगैरे बरंच. तो ऐकून घेऊन म्हणाला, "येक दिस हुबा रा. मग जा मेंढरांमागं. ट्रंक मी सोता यष्टीवर टाकतो. बोल." हे असं बोलायची त्याची पद्धत, की नाही म्हणणारा नामर्द ठरावा. मी 'हो' बोललो.

मग पुढचे तीन आठवडे त्या दोन खोल्यांत जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. हवाई चपलांचे तळ ज्यातून कापतात ती काळी रबरी शीट अण्णानं मिळवली. ती वरच्या पत्र्यांसाठी. आतून गादीचा फोम, दुकानात पडलेले सगळे तुकडे. लोकांना लांबून दिसलं पाहिजे म्हणून सगळं आडमाप, खांदे असे की दोन्हींवर एकेक मांजर आरामात झोपावं. रबराला बाक कसा द्यायचा हा प्रश्न होता. अण्णानं शीट स्टोव्हवर धरून मऊ केली आणि वहिनींच्या पाण्याच्या तांब्याच्या घागरीवर दाबून दोरीनं करकचून बांधली. थंड झाल्यावर सोडली तर छाती तयार. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं, पाण्याची घागर हाय ती. सरदाराची छाती न्हवं." दोन दिवस घरात पाणी बादलीतून आलं. खांद्यांना मोठं पातेलं, गुडघ्यांना वाडगा, शिरस्त्राणाला प्रेशर कुकर. कडेला पितळी डोक्याचे खिळे, सोफ्याला मारतात ते, टोकं छाटून चिकटवलेले. वरून चंदेरी रंग. मंगल तेव्हा दहा-अकरा वर्षांची, ती शाळेतून आली की खिळ्यांच्या ओळी सरळ आहेत का ते बघायची आणि एकही वाकडा चालू द्यायची नाही. खोलीभर फोमचा भुगा. भाकरीवर भुगा, अण्णाच्या मिशीवर भुगा. मी शाल घेऊन बसून बघत होतो. आधी रागानं, मग नुसता, आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्याही हातात सोल्युशनचा ब्रश कधी आला ते कळलं नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी दुपारी ते अंगावर चढवून बघायचं ठरलं. शाल काढली. अण्णानं पाठीमागून पट्टे आवळले, आवळले, आणखी आवळले... पट्टे संपले. चिलखत नुसतं लोंबत होतं. मी डावीकडे वळलो तर ते जागच्या जागी समोर बघत राहिलं. हात खाली सोडले तर खांदे कोपरावर आले. मंगल फिदकन हसली आणि वहिनींनी तिला आत ओढलं. अण्णा माझ्याभोवती एक फेरी फिरला. मग उंबऱ्यावर जाऊन बसला. वीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं. ते चिलखत चुकलेलं नव्हतंच, ते ब्याण्णव किलोच्या भिवाला तंतोतंत बसलं असतं. हा माणूस महिनाभर मला रोज डोळ्यांसमोर बघत होता, माझ्या ताटातली भाकरी मोजत होता, आणि कापताना त्याच्या नजरेनं मागच्या वर्षीचा मी काढून दिला होता.

मला आजही त्या रागाची लाज वाटते. मी ते पट्टे ओरबाडले आणि ओरडलो, "तो भिवा मेला रं अण्णा! कुणाचं माप घेतलंस तू? मेला तो!"

अण्णा उंबऱ्यावरून उठला नाही. म्हणाला, "माज्या डोळ्यात तू तसाच हायस, त्याला मी काय करू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. मग वहिनी पुढं आल्या. नवऱ्याच्या गळ्यातला टेप त्यांनी काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "भावजी, हात वर करा." मी केले. त्यांनी माझी छाती मोजली, पोट, दंड, मनगट, मांडी. प्रत्येक आकडा त्या मोठ्यानं म्हणायच्या, स्वयंपाकाचं सामान सांगावं तशा साध्या आवाजात. "हाय त्याला आदी मोजा," त्या अण्णाला म्हणाल्या, "मंग काय ते बघा." मला वाटलं होतं ते आकडे ऐकून मी मरेन. पण खरं सांगतो, तसं काही झालं नाही. चार महिने मी आरशात बघत नव्हतो, वजनकाट्याच्या वाटेला जात नव्हतो, आणि आता सगळं एकदाच मोजून झालं होतं. हा मी एवढा आहे. अण्णानं खडू घेतला आणि जन्मात पहिल्यांदा माप लिहिलं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर.

मी म्हणालो, "काप मग. बारीक कर." अण्णा भिंतीकडे बघत उभा होता. म्हणाला, "कापणार न्हाई."

"मग?"

"आतनं भरू. थर घालू. चिकटवायचं न्हाई, नाड्यांनी बांधायचं. तू भरत जाशील तसा येकेक थर काढत जाऊ."

असं एवढं सरळ त्यानं सांगितलं, की मी भरत जाणार आहे हे जणू ठरल्यासारखंच. चार दिवसांत त्यानं छातीला पाच थर घातले, पाठीला तीन, दंड-मांड्यांना जिथं जसे लागतील तसे. बोटभर जाडीचे, कडा बारीक तासलेले. पुन्हा अंगावर चढवलं तेव्हा ते मला सगळीकडून धरून उभं राहिलं. आणि वजन? वहिनींच्या घागरीपेक्षाही हलकं. पण त्यात एक नवीन घोटाळा निघाला. सरदार तयार झाला आणि दारातून बाहेरच पडेना. आडवा होऊन, खांदे तिरके करून, अण्णानं पाठीमागून ढकलून पाहिलं. एवढ्या मोठ्या गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या माणसानं स्वतःच्या दाराचं माप घेतलं नव्हतं. शेवटी सगळं सोडून, हातगाडीवर घालून मंडपात नेलं आणि तिथं पुन्हा बांधलं. गल्लीतून चिलखताची ती वरात निघाली आणि मी शाल न घेता तिच्या मागं चालत होतो. हे माझ्या लक्षात आलं ते मंडपाशी पोचल्यावर.

पहिला खेळ. दिवे लागलेले, गर्दी दाटलेली. पडदा वर गेला आणि लोकांच्या तोंडून 'आहा' निघाला. चंदेरी रंगावर दिव्यांचा उजेड असा पडला होता की आत फोम आहे, रबर आहे, छप्पन्न किलोचा आजारी माणूस आहे हे कुणाला खरंही वाटलं नसतं. आठ मिनिटं मी उभा राहिलो. घामानं आतले थर भिजले. कॅसेटवर गुरुजींचा आवाज चढला, मी तलवार उगारली, तीन पावलं पुढं आलो... आणि पुढं काय झालं ते मी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप खाली आला आणि मी शड्डू ठोकला. किल्ल्याच्या दरवाजावरचा सरदार मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो, असा इतिहास कुठं नसेल. त्यात मांडीवर फोम, आवाजच आला नाही, नुसतं 'भप्' झालं. मग पुढं बसलेली तालमीची पोरं एकदम उसळली. शिट्ट्या, टाळ्या, आणि मागून वस्तादांचा खणखणीत आवाज, "अरं, भिवाच हाय त्यो!" चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी ओळखलं होतं, आणि तेही मी पुरता झाकलेला असताना. शिरस्त्राणाच्या आत मी रडलो. ते कुणाला दिसलं नाही हा त्या कुकरचा उपकार.

खेळ झाल्यावर वस्ताद आत आले. छातीवर बोटानं टकटक करून म्हणाले, "वाजत न्हाई. उद्या सकाळी ये, आखाड्याची माती उकरायला. कुस्ती नको, नुसती माती उकर." दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आला. दारात उभा राहून म्हणाला, "ट्रंक टाकू का यष्टीवर?" मी खोलीत नव्हतोच. मी मातीत होतो.

पुढची चार वर्षं गणपतीच्या आधी आमचा एक ठरलेला सोपस्कार असायचा. चिलखत अंगावर घालायचं, आणि अण्णानं गळ्यापासून आत पंजा घालून बघायचं. पहिल्या वर्षी पंजा अख्खा गेला नाही. "येक काढू," तो म्हणाला आणि पहिला थर निघाला. पुढच्या वर्षी दोन. माझं पहिलं अंग पुरतं कधीच परत आलं नाही, हे इथं सांगायला हवं. मोठ्या मैदानात मी पुन्हा उतरलो नाही. पण फाडलेला अर्ज नव्यानं भरला, कोर्स केला, साताऱ्याला शाळेत लागलो, लग्न केलं, आणि दर गणपतीला रजा टाकून सांगलीला जात राहिलो. निघालेले थर अण्णानं वाया जाऊ दिले नाहीत. त्यानं ते एकावर एक रचले, वरून तपकिरी रेक्झिन घातलं आणि दुकानातल्या स्टुलासाठी गादी शिवली. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "बसा, बसा. पैलवानावर बसा." मी मात्र त्या गादीवर कधी बसलो नाही. अण्णानं दहा वेळा आग्रह केला असेल, पण का कोण जाणे, धीर झाला नाही. चौथ्या वर्षी छातीचा एकच थर उरला. पंजा आत गेला नाही, दोन बोटंही गेली नाहीत. मी म्हणालो, "काढ आता हाही." अण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. येवढी गादी सरदारालाबी लागती." तो थर तसाच राहिला.

ह्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला दाखल केलं. मी शेवटचा भेटलो ते आषाढात. जाताना त्याच्यासाठी एक शर्ट शिवून नेला. आमच्या शिंप्याला मापही मीच सांगितलं होतं, अण्णा म्हणजे काय, डोळ्यांसमोर आहे. खाटेवर त्याला बसवून मी आणि मंगलनं तो घातला, आणि... शर्टात अण्णा दिसेचना. बाह्यांतून नुसती बोटं बाहेर. कॉलर खांद्यावर घसरली. मी घाईनं कॉलर सावरायला लागलो. अण्णा मात्र बाह्यांकडे बघून हसायला लागला, हसता हसता खोकला लागला, तरी हसतच राहिला. म्हणाला, "आता कळलं का रं, माप कसं चुकतं?" मी मान खाली घातली. तो म्हणाला, "लाजू नगंस. माज्या लय कामाला आलं हे. तुज्या डोळ्यात मी अजून धडधाकट हाय म्हंजे."

खाटेवर पाठ टोचते म्हणून त्यानं मंगलकडून दुकानातली ती गादी मागवून घेतली होती. दवाखान्याची उशी बाजूला टाकून तिला टेकून बसायचा. मी निघताना म्हणाला, "गड्या, तुज्यावर टेकलोय. काय काळजी करू नगंस." हे त्याचं मला उद्देशून शेवटचं वाक्य. नर्स बाई आल्या आणि आमचं बोलणं तिथंच थांबलं.

गेल्या रविवारी सांगलीला गेलो. गणपती दोन आठवड्यांवर आले आहेत आणि मंडळानं ठरवलंय की यंदा अण्णासाठी पहिल्या दिवशी तो जुना देखावा करायचा, सरदारासकट. वहिनी दारात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, आदी जेवा." दुकान मंगल चालवते. हात बापाचा, पण कापायच्या आधी टेप लावते आणि वहीत लिहिते. चिलखत तिनं झाडून, पुसून, नव्यानं रंगवून ठेवलं होतं. मी अंगावर चढवलं, आणि सांगायला हरकत नाही, पट्टे पुरले नाहीत. मास्तरकीनं पोट दिलं आहे. मंगलनं गळ्यापासून आत पंजा घालून पाहिला. अगदी तसाच, बोटं जुळवून. तिला कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणी बघून ठेवलेलं. "काका, शेवटचा थर काढावा लागंल," ती म्हणाली. तिनं नाड्या सोडल्या आणि तो थर बाहेर काढला. माझ्या घामानं पिवळा पडलेला, बोटभर जाडीचा, कडेनं अण्णाच्या सुरीनं तासलेला.

मग ती स्टुलाकडे वळली. मिरजेहून परत आलेली गादी तिथं होती. "काका, ही बगा ना," ती म्हणाली, "आठ दिस उन्हात टाकली तरी मधला खळगा जात न्हाई." मी वाकून पाहिलं. मधोमध एक अरुंद, खोलगट जागा होती. शेवटच्या दिवसांतल्या अण्णाच्या पाठीएवढी. मंगलनं टेप लावला. "साडेनऊ इंच," ती मोठ्यानं म्हणाली आणि वहीत लिहिलं. तिचा आवाज वहिनींसारखाच साधा होता.

मी विचारलं, "नवीन फोम घालणार का?"

"नवीन कशाला?" तिनं हातातला थर खळग्यावर धरून बघितला, खडूनं दोन खुणा केल्या. "ह्यो हाय की. आतनं भरू."

तिनं गादीची एका बाजूची शिवण उसवली, तो शेवटचा थर आत सरकवला, हातानं दाबून सारखा केला आणि उभ्या उभ्या चार टाके घालून शिवण बंद केली. गादी स्टुलावर ठेवून तिनं फडक्यानं पुसली. म्हणाली, "बसा काका."

आणि मी बसलो. बाहेर एक जीप येऊन थांबली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मंगल टेप गळ्यात अडकवून बाहेर गेली. मी तिथंच बसून राहिलो, पडद्यापलीकडून वहिनी जेवायला बोलवेपर्यंत.